सव्वा व्होल्टची गोष्ट

एलएम३१७ वापरून घरी व्हेरिएबल पॉवर सप्लाय बनवला असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पॉट अगदी शेवटपर्यंत खाली फिरवा, मल्टिमीटर शून्य दाखवतच नाही. १.२५ वर येऊन थांबतो. सव्वा व्होल्ट! आपल्याकडे पूजेला सव्वा रुपया ठेवतात तसा या चिपने सव्वा व्होल्ट बाजूला काढून ठेवलाय. तो का, हे शोधायला गेलं की बरीच जुनी आणि भारी गोष्ट सापडते.

आधी एक साधी गोष्ट पटवून घेऊ. व्होल्टेज हवं तसं बदलता यायला हवं असेल, तर सर्किटमध्ये कुठेतरी एक व्होल्टेज अजिबात न हलणारं लागतं. सप्लाय सतत आपल्या आउटपुटची त्याच्याशी तुलना करतो आणि स्वतःला सावरतो. मापच ताणलं जाणारं असेल तर कापड कसं मोजणार? त्यामुळे व्हेरिएबल सप्लायचा इतिहास म्हणजे खरं तर या न हलणाऱ्या व्होल्टेजच्या शोधाचा इतिहास आहे.

१८९३ मध्ये एडवर्ड वेस्टनने पारा आणि कॅडमियम वापरून एक सेल बनवला. तो जवळपास १.०१८ व्होल्ट द्यायचा आणि वर्षानुवर्षं तेवढंच द्यायचा. १९११ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. पण त्यातून करंट घ्यायचा नाही हं, फक्त तुलना करायची. म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू, रोजच्या वापराची नाही. पुढे रेडिओच्या जमान्यात वायू भरलेल्या काचेच्या नळ्या आल्या. ०ए२ नावाची नळी मंद उजळायची आणि १५० व्होल्ट धरून ठेवायची. पाच व्होल्ट हवे असतील तर तिचा उपयोग काय! मग झेनर डायोड आला. तो स्वस्त, छोटा आणि कामाचा होता. पण तापमान बदललं तरी जो फारसा हलत नाही, असा झेनर साधारण साडेपाच-सहा व्होल्टच्या आसपासचा असतो. घोळ नेमका इथेच झाला.

१९६० च्या दशकात डिजिटल लॉजिक चिप्स आल्या. ७४०० मालिकेला लागायचे ५ व्होल्ट, आणि तेही ४.७५ ते ५.२५ च्या मध्येच. एका मशीनमध्ये अशी कितीतरी कार्डं. एकाच मोठ्या सप्लायमधून सगळ्यांना वीज पाठवली तर वायरमध्येच थोडं व्होल्टेज पडतं, आणि शेवटच्या कार्डाला काय मिळेल याचा भरवसा नाही. उपाय सरळ होता : प्रत्येक कार्डावर स्वतःचा छोटा रेग्युलेटर. पण रेफरन्सच सहा व्होल्टचा असेल, तर ५ व्होल्टसाठी इनपुट विनाकारण वर ठेवावा लागतो, आणि जास्तीचं सगळं उष्णता होऊन जातं.

इथे आपला हिरो येतो, बॉब विडलर. नॅशनल सेमीकंडक्टरमधला इंजिनियर, विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. कंपनीने खर्च वाचवायला लॉन कापणं बंद केलं, तेव्हा १९७० मध्ये या पठ्ठ्याने एक मेंढी आणून ऑफिससमोर चरायला सोडली होती! सगळे तोच किस्सा सांगतात. मला विचाराल तर त्याचा खरा किस्सा सिलिकॉनच्या आतला आहे.

ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज तापमान वाढलं की घटतं, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. इंजिनियरांच्या दृष्टीने हा दोष. पण दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या करंट-घनतेवर चालवले, तर त्यांच्या या दोन व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. एक घटतं, एक वाढतं. वाढणाऱ्याला योग्य आकड्याने गुणा, दोन्हींची बेरीज करा, चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. आणि बेरीज किती येते? सुमारे १.२ व्होल्ट. हा आकडा कुणी ठरवलेला नाही. तो सिलिकॉनच्या ऊर्जा-अंतराशी, म्हणजे बँडगॅपशी जुळतो. म्हणून या सर्किटला बँडगॅप रेफरन्स म्हणतात.

न्याय म्हणून सांगतो, मूळ कल्पना फेअरचाइल्डच्या डेव्हिड हिल्बिबरने १९६४ मध्येच मांडली होती. विडलरने ती एका छोट्या चिपमध्ये बसवली आणि १९७१ मध्ये त्यावर पेपर आला. त्यातून निघालेला एलएम१०९, म्हणजे आपल्याला मिळणारा एलएम३०९ : तीन पाय, ५ व्होल्ट, आणि चिप फार तापली की स्वतःच बंद होणारी. पेपर छापून येईपर्यंत हा माणूस नोकरी सोडून मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गेलाही होता. वय होतं ३३.

मग ७८०५, ७८१२, ७८१५ असे ठरावीक व्होल्टचे रेग्युलेटर आले. प्रत्येक व्होल्टसाठी वेगळी चिप, दुकानदाराकडे वेगळा डबा. १९७६ मध्ये त्याच नॅशनलच्या बॉब डॉबकिनने एलएम३१७ आणला, आणि त्यात ग्राउंडचा पायच ठेवला नाही. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे असं दिसतं : ७८०५ ला ॲब्सोल्यूट पाथ दिलाय, ३१७ ला रिलेटिव्ह. त्याला जगातलं शून्य कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त म्हणतो, माझ्या आउटपुटमध्ये आणि ॲडजस्टच्या पायामध्ये मी १.२५ व्होल्ट ठेवीन. बस.

त्या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर लावला की त्यातून कायम सुमारे ५ मिलिअँपिअर वाहतो. तोच करंट खालच्या पॉटमधून जातो. पॉट जितका जास्त, तितकं व्होल्टेज वर. ५ किलोओहमचा पॉट लावला तर हिशोबाने साधारण २७ व्होल्टपर्यंत. वरची मर्यादा अर्थातच तुमचा इनपुट ठरवतो, आउटपुटपेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त लागतातच.

बनवणार असाल तर दोन गोष्टी. एक, २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरशी सुरुवातीलाच खेळू नका, लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा ॲडॉप्टर छान चालतो. फक्त हीटसिंक लावा, कारण १९ मधून ३.३ काढून एक अँपिअर घेतला तर बोर्डाला मिळतात ३.३ वॉट आणि चिपमध्ये जळतात १५.७ वॉट. हीटसिंक नसेल तर चिप स्वतःला बंद करेल, एलएम३०९ च्या वेळची तीच युक्ती. दोन, पॉट स्वस्तातला घेऊ नका. त्याचा मधला सरकता पाय क्षणभर जरी सुटला, तर व्होल्टेज खाली न जाता थेट वर उडी मारतं, आणि ३.३ वाला ईएसपी३२ तेवढ्यात संपतो. म्हणून आधी मल्टिमीटर लावून पॉट दोन-चारदा पूर्ण फिरवून बघा, मगच बोर्ड जोडा.

आणि शून्य व्होल्ट हवेच असतील तर? तेही होतं. पॉटचा खालचा पाय ग्राउंडला न जोडता उणे सव्वा व्होल्टला जोडायचा, म्हणजे वरचा सव्वा कटतो. ते उणे सव्वा पक्कं धरून ठेवायला नॅशनलच्या डेटाशीटमध्ये काय लावलंय माहितीये? एलएम११३. तोही १.२ व्होल्टचा बँडगॅप रेफरन्सच.