दुडकीने कापलेले कोस

घोडदळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौखूर उधळलेला घोडा उभा राहतो. गावोगावच्या पुतळ्यांनी आणि शाळेतील चित्रांनी ही समजूत पक्की करून टाकली आहे. परंतु निपाणीहून संकेश्वरावरून बेळगावला जाणारी सुमारे ४५ मैलांची वाट चौखूर कापील असा घोडा कधी जन्मला नाही. लांबचे कोस सरतात ते दुडकीने.

दुडकीत घोडा एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकदम उचलतो. भार दोन्ही अंगांवर सारखा पडतो, दम टिकतो. स्वाराची हाडे मात्र खिळखिळी होतात. म्हणून ऐपतदारांना मऊ रवाल चालीचे जनावर आवडे. ताशी ८ मैलांची दुडकी, मधून साधी चाल, अवघड उतार आला की खाली उतरून लगाम धरून चालणे, असा लांब मजलेचा क्रम. त्यात दिपवणारे काही नाही, आणि म्हणूनच बहुधा तो चित्रात येत नाही.

इ. स. १८०० च्या पावसाळ्यात बेळगाव-धारवाडच्या मुलखाने ही परीक्षा पाहिली. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर बंदीतून सुटलेला धोंडजी वाघ हजारो स्वारांनिशी या भागात धुमाकूळ घालीत होता. ३० जून रोजी पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले कित्तूरनजीक त्याच्याशी लढताना पडले. पाठलागावर आर्थर वेलस्ली होता. ३० जुलैला २६ मैलांची मजल मारून त्याने मलप्रभेकाठी मुनवळ्ळीसमोरच्या तळावर झडप घातली. हत्ती, उंट, सामानसुमान सारे सापडले; धोंडजी तेवढा सापडला नाही. पुढे आणखी सहा आठवडे, फुगलेल्या नद्या आणि खुरांना ओढून धरणारी काळी चिखलट जमीन तुडवीत हा पाठलाग चालला, तेव्हा कोठे १० सप्टेंबरला रायचूरच्या बाजूस कोनगल येथे धोंडजी मारला गेला. अखेरचा हल्ला घोडदौडीचा होता खरा, पण तो काही क्षणांचा. त्याआधीचे आठवडे सहनशक्तीचे होते. वेलस्लीची पत्रे वाचावीत तर त्यांत शौर्यापेक्षा बैल, धान्य आणि होड्या यांचाच हिशेब अधिक!

हे शहाणपण आपल्याकडे नवे नव्हते. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. लष्कराने पावसाळ्यात स्वदेशी छावणीस यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे आधीच जमवलेली असावीत, आणि दसऱ्याला कूच करावे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीस महाराजांनी लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. आज दाणागवत मनास येईल तसे उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असा त्याचा आशय.

चार महिने खुंट्याला बांधलेले जनावर एकदम पळवता येत नाही. त्याचा दम काही आठवड्यांत परत येतो, परंतु पायांच्या शिरा आणि खूर घट्ट व्हायला महिने लागतात. आधी साधी चाल, मग थोडी दुडकी, मग अधिक, अशी मेहनत वाढवावी लागते. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मजला आखूड ठेवणारा सरदार आळशी नव्हे, जाणता म्हणावा, असे मला वाटते.

१८०३ च्या एप्रिलात वेलस्ली पुण्यावर चालून गेला तेव्हा अखेरचे ६० मैल त्याने ३२ तासांत तोडले. त्या मोहिमेत निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच अप्पा देसाई निपाणकर, आपल्या स्वारांसह इंग्रजांच्या बाजूने होते. केवढी गाजली ती मजल! पण भागाकार करून पाहा: ताशी दोन मैलदेखील भरत नाहीत. विसावे, घाट, रात्र, पाणी पाजणे हे सगळे त्यातच येते. घोडदळाची खरी गती ती एवढीच.

१८१८ साली पेशवाई बुडाली. निपाणकरांची जहागीर त्यानंतरही टिकली. अप्पा देसायांच्या मृत्यूनंतर १८३९ साली ती खालसा झाली. सरदारांची नावे कागदोपत्री राहिली आहेत. पहाटे उठून खरारा करणारे मोतद्दार, चंदी मोजून देणारे कारकून आणि दर २५ घोड्यांमागचा तो एक नालबंद यांची नावे बखरकारांनी टिपली नाहीत.