बिनपगारी फौज आणि शारदेचे पीठ

परदेशी चित्रकथांत एक कल्पना अनेकदा भेटते. पैशासाठी लढणारे, कोणाचेच नसलेले काही तलवारबहाद्दर एकत्र येतात आणि त्यांची गाठ एखाद्या पुराणातल्या देवाशी पडते. मुले ती चित्रे आवडीने पाहतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु श्रोतेहो, अशाच जातीचा एक प्रसंग आपल्या इतिहासात खरोखर घडलेला आहे, आणि तो मनोरंजक नाही.

१७९० ते १७९२ या काळात मराठे, इंग्रज आणि निजाम हे तिघे मिळून टिपू सुलतानाशी लढत होते. मराठ्यांच्या एका फौजेचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन होते. १७९१ साली या फौजेबरोबरचे पेंढारी शृंगेरीवर तुटून पडले. शंकराचार्यांचा मठ लुटला गेला, माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलली आणि स्वामींना कारकळास जाऊन राहावे लागले. पुढे मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य दिले ते टिपूने! त्याची स्वामींना लिहिलेली पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे नरसिंहाचार यांच्या हाती आली. देवाधर्माचे रक्षक म्हणवणाऱ्यांच्या छावणीतून पीठावर घाला पडावा आणि शत्रूने ते सावरावे, हे आम्हांस आजही बोचते.

पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे या कृत्याचा दोष पेंढाऱ्यांवर ठेवतात. तो खोटा नाही. पण पुरता आहे काय? पेंढारी म्हणजे फौजेच्या आगेमागे चालणारे मोकळे स्वार. त्यांच्यात हिंदू होते, तसे मुसलमानही होते. त्यांना पगार नसे. लूट हीच त्यांची मिळकत, आणि लुटीच्या परवानगीबद्दल 'पालपट्टी' नावाचा कर तेच सरकारात भरीत. ज्याला सरकार पोटाला देत नाही, उलट ज्याच्या लुटीत स्वतः वाटा घेते, त्याने देवळाच्या उंबऱ्याशी थबकावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर दूर जावयास नको. वेल्ह्याकडील पाली गावाच्या बाजूने राजगडावर चढावे. पायऱ्यांची वाट पाली दरवाजात पोचते. हा गड बरीच वर्षे शिवछत्रपतींची राजधानी होता. महाराजांच्या फौजेनेही लूट केली. १६६४ आणि १६७० साली सुरत दोनदा लुटली गेली. मात्र त्या लुटीला हिशेब होता. सभासद सांगतो की स्वारीहून परतलेल्या लष्कराची झडती होई आणि सापडलेला ऐवज सरकारजमा होई. शिपायाला वेतन ठरलेले असे, छावणीत बायका नेण्यास बंदी असे आणि आज्ञा मोडणारास शासन होई. शिपाई तेव्हाही पोटासाठीच लढत होता. पण त्याचे पोट सरकारच्या हाती होते, म्हणून त्याचा हातही सरकारच्या ताब्यात राहिला.

१६८९ नंतर मोगलांच्या रेट्याखाली खजिना रिता झाला. राजाराम महाराजांना सरदार टिकविण्यासाठी वतने आणि सरंजाम द्यावे लागले. त्यावाचून राज्य वाचते ना, हे मान्य केले पाहिजे. परंतु संकटातली ती सवड पुढे वहिवाट झाली. फौज सरदाराची झाली, आणि सरदाराच्या मागून बिनपगारी स्वारांची झुंड चालू लागली. शृंगेरीची वाट तेथूनच निघते.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. १८१७-१८ साली पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्याचे निमित्त इंग्रजांना मिळाले आणि त्याच धामधुमीत पेशवाईही बुडाली. चितू पेंढारी १८१९ साली असीरगडाजवळच्या रानात वाघाच्या तोंडी पडला. चित्रकथेत अशा वीरांना अखेरच्या पानावर क्षमा मिळते. इतिहास मात्र आधी त्यांच्या धन्याला जाब विचारतो. शारदेच्या पीठाचा जाबही पेंढाऱ्यांपाशी न थांबता त्यांच्याकडून पालपट्टी घेणाऱ्या हातापर्यंत पोचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.