ट्रक ड्रायव्हरचं प्रशिक्षण आणि सरकारी पैसा : जुन्नर-आंबेगावच्या कुटुंबांसाठी माहिती

नारायणगावचा टोमॅटो असो की मंचर, ओतूरचा कांदा, सगळा माल ट्रकनेच बाहेर जातो. आपल्या समाजातली अनेक मुलं या गाड्यांवर क्लीनर म्हणून चढतात आणि लायसन्सशिवायच स्टिअरिंग धरतात. अपघात झाला की विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची झळ सगळ्या घराला बसते. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

पैसा कोणाला मिळतो? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रांसाठी योजना आहे. मोठ्या संस्थेला 17.25 कोटी, प्रादेशिक केंद्राला 5.5 कोटी, तर लहान केंद्राला 2.5 कोटी रुपयांपर्यंत मदत मिळते. पण हा पैसा केंद्र उभारण्यासाठी आहे, मुलाच्या खात्यात येत नाही. "ड्रायव्हर योजनेचे पैसे मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

लायसन्सचा क्रम : 18 व्या वर्षी हलक्या वाहनाचं लायसन्स काढता येतं. ते किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय ट्रकचं लर्निंग मिळत नाही, आणि व्यावसायिक वाहनासाठी वय 20 पूर्ण लागतं. म्हणजे पहिलं लायसन्स वेळेत काढलं, तर विशीत ट्रकचं हातात येतं. मोटार स्कूलचा नमुना 5 चा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आठवी पासची अट 2019 मध्ये रद्द झाली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनाही दार उघडं आहे.

सुप्रीम कोर्टाच्या 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार एकूण 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. पिकअपवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कुठे जायचं? दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओत (एमएच 14) येतात. भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा कोर्स 6 आठवडे, 38 तासांचा असतो. तो पूर्ण केल्यास आरटीओत वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. फी आणि बॅच आधी विचारून घ्या.

फीचं काय? मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ व्यवसायासाठी कर्ज देतं. ते अनुदान नव्हे, फेडावं लागतं. आधी लायसन्स, थोडा अनुभव, मग गाडीसाठी कर्ज, हाच क्रम आम्हाला योग्य वाटतो. घाईत घेतलेली गाडी हप्त्यातच अडकते.