कोंबडी वजनाला वाढली, कसाचं काय?



पनवेलच्या बाजारात गावठी कोंबडीला ब्रॉयलरपेक्षा चढा भाव मिळतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गावठीत ताकद असते." हे कितपत खरं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

आपला रायगड १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. त्या काळी घराघरांत चार-दोन कोंबड्या असायच्या. खळ्यावरचे दाणे, कोंडा, उकिरड्यातले किडे खाऊन त्या दिवसभर हिंडत. किलो-सव्वा किलो वजन व्हायला पाच-सहा महिने लागत. थंडीत वालाच्या शेंगांबरोबर पोपटीच्या मडक्यात जाई, ती हीच कोंबडी.

तिकडे अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. कमी दिवसांत भरपूर मांस धरणारा पक्षी त्यांना हवा होता. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली आणि पुण्याहून हा धंदा गावोगाव पोचला.

निवडीनं काय साधलं ते बघा. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी वजनं भरली सुमारे ९०० ग्रॅम, १८०० ग्रॅम आणि ४२०० ग्रॅम! तेव्हा 'इंजेक्शनानं फुगवतात' ही अफवा सोडून द्या.

आता कसाचं. कातडी काढलेल्या मांसात प्रथिनं दोन्हीकडे जवळपास सारखीच, १०० ग्रॅमला वीसएक ग्रॅम. फरक आहे तो चरबीत. भारी खुराक आणि हालचाल कमी, म्हणून ब्रॉयलरच्या कातडीखाली व पोटात चरबी साठते. फार झपाट्यानं वाढलेल्या पक्ष्याच्या छातीवर पांढऱ्या रेघा दिसतात. अशा मांसात चरबी जास्त, प्रथिनं कमी. चरबीचा गुणही खाद्यावर ठरतो. हिरवा पाला, किडे, जवस पोटात गेलं तर ओमेगा-३ वाढतं, नुसत्या मक्यानं ते कमी राहतं. गावठीच्या रश्शाची 'ताकद' म्हणतात ती बरीचशी चव आहे. पक्षी वयानं मोठा, मांस घट्ट.

पण ब्रॉयलरला नुसती नावं ठेवू नका. पाहुणा आला तरच कोंबडी कापणाऱ्या घरात आज पोरांना आठवड्याला मांस मिळतं, ते तिच्यामुळंच.

कोलिस्टिन हे औषध जनावरांना व कोंबड्यांना देण्यास २०१९ पासून बंदी आहे. इतर औषधं दिलीत तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय पक्षी विकू नका. ब्रॉयलर घरी आणलीत तर कातडी आणि पोटातली पिवळी चरबी काढून शिजवा. आणि गावठी म्हणून विकायची असेल तर तिला मोकळी हिंडू द्या. खुराड्यात कोंडून नुसता मका घातलात, तर तिचीही चरबी त्याच वळणावर जाईल.