जखमेचे माप

१९८०च्या दशकात, कायद्याचा विद्यार्थी असताना, मी आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो. भर चौकात त्याचे पागोटे उडवून त्याच्या थोबाडीत मारली होती. फौजदाराने एकच विचारले, "जखम कुठे आहे?" जखम नव्हती. प्रकरण अदखलपात्र ठरले. जखमेच्या मापाने अत्याचार मोजायची ही रीत आली कोठून? तिचा माग काढीत मी इंग्लंडच्या फौजदारी कायद्यापर्यंत पोहोचलो, कारण आपला दंडविधान मेकॉलेच्या आयोगाच्या १८३७च्या मसुद्यातून आला.

तेथे पहिला धक्का बसला तो व्याख्येचा. इंग्रजी कायद्यात 'असॉल्ट'ला मार बसावाच लागत नाही. आता आपल्यावर हात पडणार, अशी धास्ती दुसऱ्याला घातली की तो गुन्हा पुरा होतो. बेकायदा स्पर्श झाला की ती 'बॅटरी'. रागाने केलेला यत्किंचित स्पर्शही बॅटरीच, असे न्यायमूर्ती होल्ट यांनी १७०४ साली सांगितले. ब्लॅकस्टनने पुढे त्याचे कारण दिले. हिंसेच्या पायऱ्यांत कायद्याला रेघ ओढता येत नाही, म्हणून तो पहिल्याच पायरीवर अडवतो. प्रत्येक माणसाचे शरीर पवित्र आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांनी हे वाक्य थांबून वाचावे.

पण 'प्रत्येक माणूस' म्हणजे कोण? नवऱ्याने बायकोला 'माफक' शिक्षा करावी अशी जुन्या कायद्यात मुभा होती, हेही ब्लॅकस्टनच नोंदवतो. मालकाला शिकाऊ कामगारावर आणि मास्तरला पोरावर हात उचलता येत होता. बायकोला मारण्याचा वा कोंडून ठेवण्याचा हक्क नवऱ्याला नाही, हे अपील न्यायालयाने १८९१ साली ठणकावले. सरकारी शाळांतली छडी १९८७मध्ये बंद झाली. पोराला 'वाजवी' शिक्षा केल्याचा आईबापांचा बचाव वेल्सने २०२२मध्ये काढून टाकला. इंग्लंडने २००४मध्ये तो नुसता आखडता केला. मार तोच, तो गुन्हा की शिस्त, हे मार खाणाऱ्याच्या दर्जावर ठरत होते.

१८६१च्या कायद्याने इजांची उतरंड लावली. जाणूनबुजून गंभीर इजा केली तर जन्मठेप, त्याखाली गंभीर इजा, त्याखाली साधी शारीरिक इजा. शेवटच्या दोन्हींना आज कमाल शिक्षा एकच, पाच वर्षे. या विसंगतीवर तिथल्या विधी आयोगाने १९९३ आणि २०१५मध्ये बोट ठेवले, तरी कायदा उभाच आहे. त्यातल्या 'जखमे'चा अर्थ न्यायालयाने १९८३ साली लावला: कातडीचे दोन्ही थर फाटले पाहिजेत. आत रक्त साकळले तर ती जखम नव्हे. हे वाचताना मला आमचा फौजदार आठवला.

१९९७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एक पाऊल पुढे टाकले. फोन करून मुद्दाम गप्प राहणे हाही असॉल्ट होऊ शकतो आणि मनाचा आजार ही शारीरिक इजाच, असा निर्णय दिला. पण आजार डॉक्टरने ओळखलेला हवा. नुसती भीती, नुसती मानहानी या मापात अजूनही बसत नाही.

मारहाणीमागे वंशद्वेष असेल तर शिक्षा जास्त, हे इंग्लंडने १९९८ साली मान्य केले. साध्या मारहाणीची कमाल सहा महिन्यांची कैद अशा वेळी दोन वर्षांवर गेली. आपल्याकडे १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याआधीच झाला होता. तो त्याहून खोल गेला. लोकांदेखत जाणूनबुजून केलेला अपमान, अखाद्य पदार्थ खायला लावणे, नग्न करून धिंड काढणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. त्यासाठी कातडी फाटावी लागत नाही. मेकॉलेच्या मापात न मावलेली आमची जखम प्रथमच कायद्याच्या कागदावर आली.

ती कागदावरच राहू नये, हे काम आपले आहे. आजही फिर्यादीत 'मारहाण केली' एवढेच लिहिले जाते आणि चौकशी वैद्यकीय दाखल्यापाशी संपते. म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे: फिर्याद लिहिताना जागा लिहा, कोणादेखत घडले ते लिहा, उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहा. त्या म्हाताऱ्याचे पागोटे चौकात धुळीत पडले होते. ते मी त्या दिवशी लिहून घ्यायला हवे होते.