अनप्लग्ड (रॉक संगीत)
विजेवरच्या गिटार बाजूला ठेवून रॉक बँडने साध्या, पोकळ लाकडी गिटारवर केलेले सादरीकरण. रॉक गिटारवादक पीट टाउनशेंडने १९७९ मध्ये लंडनच्या एका मदतनिधी कार्यक्रमात असे वादन केले, तेव्हाच याची चुणूक दिसली होती. सप्टेंबर १९८९ मध्ये एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात रॉक कलाकार जॉन बॉन जोव्ही व रिची सांबोरा नुसत्या दोन गिटारवर गायले. २६ नोव्हेंबरला ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि या पद्धतीचे नाव घरोघरी पोहोचले. एरिक क्लॅप्टनच्या १९९२ च्या ‘अनप्लग्ड’ला सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

‘निर्वाणा’ या रॉक बँडचा याच मालिकेतला न्यूयॉर्कमधला कार्यक्रम (१८ नोव्हेंबर १९९३) मात्र वेगळ्याच उंचीचा आहे. मंचावर लिलीची फुले, काळ्या मेणबत्त्या. चौदा गाण्यांपैकी सहा इतरांची. बँडचा गायक कर्ट कोबेनची गिटार खरे तर ॲम्प्लिफायरला जोडलेली होती, पण त्याने काही बिघडत नाही. गोंगाट ओसरला की गाण्याची बांधणी आणि गळा लपवता येत नाही. कोबेनचा चिरकणारा, थकलेला स्वर इथे श्वासासकट ऐकू येतो. एप्रिल १९९४ मध्ये तो वारला; ध्वनिमुद्रिका त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये आली.