काळी, पांढरी आणि विटांचं अंगण

आमच्या खानदेशात, तसं अख्ख्या महाराष्ट्रातच, गावाच्या जमिनीचे दोन भाग मानायची जुनी रीत आहे. पिकं घ्यायची ती काळी आणि घरं बांधायची ती पांढरी. जुन्या मराठी कागदपत्रांतही हे दोन शब्द जोडीनंच भेटतात. आपण ते विसरलो आणि विटांच्या अंगणापायी पैसे घालवायला लागलो, असं माझं मत आहे.

जळगाव-धुळ्याच्या आसपास शेतांचे प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या कॉलन्या बघा. हौसेनं घातलेली विटांची फरसबंदी दोन-तीन पावसाळ्यांत कुठे फुगते, कुठे खचते. मग शिव्या खातो गवंडी, नाहीतर वीटभट्टीवाला. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार विटेखाली असतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतातल्या भेगांत हात जातो, ते सगळ्यांनी पाहिलंय. तीच जमीन अंगणाखाली वेगळी कशी वागेल?

पांढरीचं तसं नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती, राख, शेणमाती साचून ती बनलेली. गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन सुरू केलं. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये. (प्रकाशे तेव्हा धुळ्याकडे होतं, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.) दोन्हीकडे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक निघाले. माणसं पुन्हा पुन्हा त्याच उंचवट्यावर घर बांधत राहिली. पुराचं भय कमी, पाणी थांबत नाही आणि जमीन काळीसारखी फुगत नाही.

पाण्याची वाट हा दुसरा धडा, आणि तोही जुनाच. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा तळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या लावल्यात, सांध्यांत जिप्समचा गिलावा, बाजूंना डांबराचा थर आणि तळाला एका कोपऱ्याकडे उतार. विटा मातीच्याच होत्या, पण पाण्यानं कुठे जायचं हे आधी ठरलेलं होतं.

आता आपला प्लॉट काळीतच असेल तर काय करायचं? दीड-दोन फूट काळी माती काढून टाकायची. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसायचा. इथेच घाई होते, कारण हे काम नंतर कुणाला दिसत नाही. वर इंचभर वाळू, त्यावर विटा. चारी बाजूंना पक्की कड हवी, नाहीतर विटा हळूहळू बाहेर सरकतात. घरापासून लांब दर पाच फुटांना एक इंच उतार द्यायचा आणि पागोळ्यांचं पाणी कडेला मुरू द्यायचं नाही. वीट खणखणीत वाजणारी घ्यायची. साध्या विटेनं चोवीस तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. अंगणासाठी त्याहूनही कमी पिणारी बरी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पांढरीची माती खत म्हणून चांगली, म्हणून कित्येक गावांत ती ट्रॉल्या भरभरून शेतात गेली. खापरं, मणी, चुली, जुन्या विटा, सगळं नांगराखाली. शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याला पिकाची काळजी. पण गावाचं राहणं ज्या एकाच वहीत लिहिलेलं होतं, तिची पानं अशी फाटत गेली. आणि दुसरीकडे आपण काळीवर घरं बांधत सुटलोय. घरं काळीवर आणि पांढरी शेतात, असा उलटा व्यवहार झालाय!

तेव्हा मंडळी, गावी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: आपली पांढरी कुठवर होती? सांगणारं कुणी आहे तोवर विचारून घ्या.